परसूच्या प्रश्नाचं उत्तर

बेळगाव, ता. १४ मार्च १९२७

रा. रा. परशराम यल्लाप्पा मास्तर यांस,
स. न. वि. वि.

आपण गेल्या रविवारी माझ्या घरी येऊन जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर ओसरीवर उभ्या उभ्या देणे मला प्रशस्त वाटले नाही. घरात बायकामाणसे होती, शेजारचे वकील समोरच पान लावीत बसले होते. शिवाय सरकारी कामाची चर्चा घरी करावयाची नाही, असा माझा नेम आहे. म्हणून लेखी कळवतो.

कडोलीपलीकडच्या आपल्या शाळेची तपासणी मी १० जानेवारी रोजी केली. शेरेबुकात जे लिहिले, ते पाहिले त्यावरूनच लिहिले. शाळा भरण्याच्या वेळी मुले वर्गात नव्हती. अंगणात एक काठी रोवली होती, तिच्याभोवती उकिडवी बसली होती. मास्तरही त्यांच्यातच उकिडवे. शाळांचा दिपोटी इन्स्पेक्टर या नात्याने मी तपासणीस आलो असता कोणी उठून उभे राहिले नाही. फळ्यावर तारीख नव्हती. चौथीच्या चौदा मुलांस मी पाढे व इलाख्यातले जिल्हे विचारले. पैकी तिघांस ते समाधानकारक आले. मास्तर अभ्यासक्रम सोडून मुलांचा वेळ भलत्या गोष्टींत घालवतात, त्यांस या कामावर ठेवणे शाळेच्या हिताचे नाही, असे माझे मत झाले व ते मी नोंदवले. त्यावर काय हुकूम काढावयाचा, हा बोर्डाचा अधिकार. आपणांस कामावरून कमी केले गेले, याचा मला व्यक्तिशः खेद आहे.

आपण आणि मी एका बाकावर शिकलो, हे मी विसरलेलो नाही. परंतु मित्र म्हणून एकाला सवलत दिली, तर दुसऱ्या मास्तरांना शिस्तीबद्दल बोलण्याचे तोंड मला राहत नाही.

आपल्या प्रश्नाचे हे उत्तर. विषय येथे संपला असे समजावे.

कळावे,
आपला,
मार्तंड गोविंद देसूरकर

ता. क. जाताना आपण माझ्या मुलीशी परसात बराच वेळ बोलत होतात. त्या दिवसापासून तीही तेथे काठी रोवून, सावली जेथवर पोचते तेथे खडे मांडीत असते. पुढल्या वर्षी तिची परीक्षा आहे. तिला असला नाद लावू नये, ही विनंती.


बेळगाव, ता. १९ जून १९२७

परशराम यास,

तुझं कार्ड मिळालं. तीन महिन्यांनी, आणि त्यात दोनच ओळी. 'पत्र पावलं. पण ह्ये उत्तर न्हवं. घाई न्हाय, सवडीनं लिव.' उघडं कार्ड, त्यामुळे माझ्या हाती येण्याआधी आमच्या सौ.नी वाचलं. जेवताना त्यांनी विचारलं, 'परसूभाऊजी कसलं उत्तर मागताहेत?' मी म्हटलं, खात्याचं काम आहे. आमटी वाढून आत गेल्या.

ठीक आहे. खरंच ऐकायचं असेल तर ऐक. मी ते तुझ्या भल्यासाठी लिहिलं.

तू पहिल्यापासून असाच. मॅट्रिकच्या भूमितीच्या पेपरात सहा प्रश्न होते. तू पहिल्याला हात घातलास आणि शेवटची घंटा झाली तेव्हाही तिथंच होतास. बाहेर आल्यावर मी म्हटलं, 'अरे, हे काय करून बसलास?' तर तू हसतोयस. 'मार्त्या, ह्यो सिद्धांत आणखी एका वाटंनं सुटतोय बघ. पुस्तकात ती वाट न्हाय.' तू नापास झालास, मी पहिल्या वर्गात आलो. निकाल सांगायला मी तुझ्या घरी आलो तेव्हा तुझे वडील मागावर विणत बसले होते. त्यांनी हातातला धोटा खाली ठेवला आणि नुसते तुझ्याकडे बघत राहिले. तू मात्र त्याच संध्याकाळी पाटी घेऊन आमच्याकडे हजर, ती दुसरी वाट मला दाखवायला. आमच्या घरी तेव्हा लोक पेढे घ्यायला येत होते. माझे वडील सगळ्यांना सोडून तुझ्या पाटीवर वाकले, आणि 'वा, वा' म्हणत राहिले.

ते जाऊ दे. सांगायचं ते एवढंच, की अशा माणसाला एकदा जोराचा धक्का बसल्याशिवाय तो ताळ्यावर येत नाही, असं मला वाटलं. इतकी वर्षं खेड्यातली मास्तरकी केलीस, साधा हेडमास्तर झाला नाहीस. नोकरी गेली की डोळे उघडतील, मग मीच कुठंतरी शब्द टाकीन, असा माझा विचार होता.

पण तुझे डोळे उघडलेले दिसत नाहीत. परवा शहापुरात काम होतं म्हणून टांगा वडगावावरून नेला. तुझ्या घरातला माग चालू होता. दार उघडं होतं. आत चार-पाच पोरं बसली होती आणि तू धोटा हातात धरून त्यांना काहीतरी विचारत होतास. एक पोरगी काही बोलली, तसा तू मांडीवर थाप मारून हसलास. रस्त्यावर ऐकू आलं. टांगेवाल्यानं मागं वळून विचारलं, 'वळखीचं हाईत काय, साहेब?' मी त्याला पुढं चल म्हटलं.

माझ्या एका शेऱ्यानं ज्याची नोकरी गेली, तो माणूस असा हसत असेल तर त्या शेऱ्याचा उपयोग काय झाला, असा विचार माझ्या मनात आला. तुझ्या भल्यासाठी, असं म्हणतो मी.

उत्तर मिळालं असेल असं समजतो.

मार्तंड


बेळगाव, ता. ६ मे १९२८

प्रिय परशराम,

वर्ष झालं, तुझं कार्ड नाही. उत्तर पटलं नाही म्हणून पुन्हा विचारत बसणाऱ्यांतला तू नाहीस, आणि पटलं असतं तर कळवलं असतंस. म्हणजे माझं दुसरं उत्तरही तू बाजूला ठेवलंस.

परवा विनोदिनी घरात कोणाला न सांगता एकटी चालत तुझ्याकडे आली. आम्ही सगळीकडे शोधलं. तिच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दोनच्या सुमाराला तू तिला टांग्यातून आणून दारात सोडलंस आणि मी बाहेर येईपर्यंत निघूनही गेलास. मी हात उगारला होता, पण तिचं तोंड पाहिलं आणि हात खाली घेतला. उन्हानं लाल झालेली, आणि इतकी खूष, की मी रागावलोय हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

म्हणाली, 'अप्पा, भर बारा वाजता काठीची सावली पायातच गेली. जरासुद्धा उरली नाही. इतके दिवस उत्तरेला पडायची. परसूकाका म्हणाले, आता आठ दिवसांनी बघ, दक्षिणेकडनं बाहेर पडेल.'

मी म्हटलं, हे बघायला वडगावला कशाला जायला पाहिजे होतं?

'घरातली काठी तुम्ही उपटलीत ना.'

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी म्हटलं, गड्यानं उपटली असेल. तर म्हणते, 'गडी तेव्हा आठ दिवस गावाला गेला होता.'

हो, मीच उपटली. गेल्या एप्रिलमध्ये, ती आजोळी गेली असताना. काठी उपटली आणि तिनं मांडलेले सगळे खडे गोळा करून विहिरीत टाकले. एकेक. आवाज ऐकत. छत्तीस वर्षांचा माणूस, हाताखाली पन्नासाहून जास्त शाळा, आणि मुलीनं मांडलेले खडे विहिरीत टाकतोय.

आता कबूल करायला सुरुवात झालीच आहे, तर आणखी सांगतो. शहापुरात माझं काम नव्हतं. वडगावावरून मी एकदा नाही, तीनदा गेलो. आणि पहिल्या पत्रात मी हेही लिहिलं नाही की तपासणीच्या दिवशी विनोदिनी माझ्याबरोबर होती. तिला सुट्टी होती, कडोलीकडची हुरडा-पावट्याची शेतं दाखवावीत म्हणून नेली होती. मी वर्गात पाढे विचारत होतो आणि ती बाहेर तुझ्या पोरांत बसून काठीभोवतीचे खडे बघत होती. निघायची वेळ झाली तरी उठेना. डबा तसाच परत आणला.

परतताना टांग्यात तिनं विचारलं, 'सावली दक्षिणेला का जाते?' मी म्हटलं, मोठी झालीस की पुस्तकात येईल. ती म्हणाली, 'तुम्हाला ठाऊक नाही का?' मी टिपणवही काढून चाळायला लागलो. मग ती आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, 'परसूकाकांनाही ठाऊक नाही. पण त्यांना किती मजा वाटत होती.'

माझी मुलगी माझ्यापाशी कधी अशी हसत नाही, परशराम. मी घरी आलो की ती पुस्तक उघडते. तिला वाटतं, मला ते आवडतं. मलाही तसंच वाटायचं.

मॅट्रिकचा आनंद मला संध्याकाळपर्यंत पुरला. तू पाटी घेऊन येईपर्यंत. बी. ए. झालो तेव्हा दुपारीच कळलं की आमच्या वर्गातल्या एकाला शिष्यवृत्ती मिळाली आणि मला नाही. दिपोटीचा हुकूम आला, तेव्हा पाकीट फोडल्यावर आधी पाहिलं की माझ्या वर कोणाकोणाची नावं आहेत. आता धारवाडच्या जागेची वाट बघतोय. ती मिळाली की किती वेळ पुरेल, त्याचा अंदाज मला आहे.

आणि तू नापास होऊन, नोकरी घालवून, एका काठीभोवती पोरं जमवून बसतोस, आणि तुझ्या तोंडावर जे दिसतं ते मी आरशात कधी पाहिलेलं नाही. मला तुझा हेवा वाटतो. हा शब्द लिहायला मला चौदा महिने लागले.

पण शेरा खरा होता. हेवा वाटला म्हणून मी खोटं लिहिलं, असा अर्थ काढू नकोस.

मार्तंड


मुक्काम निपाणी, ता. २२ नोव्हेंबर १९२८

प्रिय परसू,

इथं तपासणीला आलोय. काम दुपारीच आटोपलं. तेव्हापासून पुढ्यात कागद घेऊन बसलो आहे.

सकाळी शाळेकडे जाताना वाटेत तंबाखूची एक वखार लागते. दारात बायका पानं निवडत बसल्या होत्या. त्या धुरळ्यानं मला शिंका यायला लागल्या. थांबून रुमाल काढला, तर त्यांतली एक पोर उठून उभी राहिली. नऊवारी लुगडं तिला पेलत नव्हतं, कपाळाला मोठं कुंकू. म्हणाली, 'तुमी कडोलीकडच्या शाळंत आलता न्हवं, दिपोटीसाहेब? मी अंजनी.'

मला ओळख लागेना. ती म्हणाली, 'तुमी मला सावलीचं उत्तर सांगतो म्हणलासा. फुडच्या येळंला.'

मग आठवलं. तुझ्या शाळेत पाढे विचारून झाले होते, मी निघालो होतो, तेवढ्यात एका मुलीनं मलाच प्रश्न विचारला होता: 'साहेब, सावली मे म्हैन्यात दक्षिणंला का जाती?' बी. ए. झालेला मी, सगळ्या वर्गासमोर उभा. मला येत नव्हतं. मी घसा खाकरला, तेव्हा तू मध्ये पडलास. 'साहेबास्नी बी ठाऊक नसंल अंजे. आपण बघूया की समदी मिळून.' मी घाईनं म्हटलं, ठाऊक आहे, पुढच्या वेळी सांगतो.

तू मला वाचवायला गेलास. मला ते सहन झालं नाही.

मी तिला विचारलं, तू इथं कशी? ती म्हणाली, 'तुमी येऊन गेल्यावर मास्तर गेलं. नवं मास्तर आलं, त्येनी पोरींस्नी मागं बशिवलं. काय इचारलं की म्हणायचं, गप बस. मग बा म्हणला, नुसतं बसाय कशाला जायाचं शाळंला. दिलं लगीन लावून.' दुसऱ्या कोणाची हकिकत सांगावी तसं सांगितलं तिनं. मग विचारलं, 'मास्तर कुठं हाईत?' मी म्हटलं, वडगावला, माग चालवतात. तिला जरा बरं वाटलेलं दिसलं.

मला निघायचं होतं, पण तिनं सोडलं नाही. म्हणाली, 'साहेब, आणिक एक हाय. हितं आलो तवा म्हैनाभर शिंकत हुतो, तुमच्यागत. आता शिंकच येत न्हाय. तंबाखू तीच, नाक तेच. सगळ्या म्हणत्यात, सवय झाली. सवय झाली म्हंजे आत काय हुतंय?'

तेरा वर्षांची असेल. बोटं काळी झालेली, नखांत तंबाखू. आणि हे विचारताना तिच्या तोंडावर तेच होतं, जे तुझ्या तोंडावर असतं, जे त्या दिवशी विनोदिनीच्या तोंडावर होतं. आतून कोणीतरी बाईनं हाक मारली तशी ती खाली बसली. मान वर न करता म्हणाली, 'ठाऊक नसंल तर ऱ्हाऊ द्या. मास्तरास्नी इचारा.'

परसू, त्या दिवशी चौदा मुलांपैकी अकराजणांना सगळं आलं.

दीडकी, अडीचकी, जिल्हे, सगळं. उरलेल्या तिघांचेही पाढे एका जागी अडले, एवढंच. माझ्याजवळ कच्च्या टिपणाचा कागद होता, त्यावर अकरा खुणा होत्या. शेरेबुकात लिहिताना मी ते उलटं केलं. ज्यांना आलं नाही ते तीन; तेवढ्या तिघांनाच आलं, असं लिहिलं. घाईत चूक झाली असंही कोणाला वाटलं असतं. तशी ती झाली नाही. मी दौत उघडली, टाक बुडवला, थोडा थांबलो आणि लिहिलं. तू शेजारी उभा होतास. मला पाणी आणून दिलंस. मी लिहीत असताना तू पुस्तकात डोकावूनही पाहिलं नाहीस, इतका तुझा भरवसा.

तो कागद मी फाडला नाही. माझ्या कपाटात आहे. का ठेवला, तेही मला नीटसं कळत नाही.

तू विचारलं होतंस, 'मार्त्या, असं का लिवलास रं? मला राग आलाय म्हणून इचारत न्हाय. मला कळंना, म्हणून इचारतोय.' कर्तव्य म्हणून नाही. तुझ्या भल्यासाठी तर नाहीच. तुझी शाळा चांगली होती. इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या सगळ्या शाळांत चांगली. ती माझी नव्हती, आणि ती तुझी आहे हे मला बघवलं नाही. तू सुखी आहेस, आणि ते सुख मला कुठल्याही परीक्षेला बसून मिळणार नाही, हे मला त्या अंगणात कळलं. मला ते मिळत नसेल तर तुझ्याजवळही राहू नये, असं वाटलं. एवढंच आहे उत्तर. याच्या आत आणखी काही नाही.

त्या पोरीचं काय करू, सांग. तुझी नोकरी गेली, ते तू सोसलंस. तिनं काय केलं होतं? तिनं मला एक प्रश्न विचारला, एवढंच.

मार्तंड


बेळगाव, ता. ३ मार्च १९२९

प्रिय परसू,

तुझ्या कार्डावर या खेपेला दोनच शब्द होते. 'आता कळलं.' खाली नाव. मी ते कितीतरी वेळा वाचलं. माफ केलं, असं नाही. नाही केलं, असंही नाही. तुला खरोखर कळून घ्यायचं होतं, आणि ते कळलं. वाचताना मला काय वाटलं, ते लपवत नाही. त्याही वेळी तुझा हेवा वाटला.

तुला बाहेरून थोडंफार समजलं असेल, तरी माझ्याकडूनही ऐक. डिसेंबरात मी वरच्या साहेबांकडे लेखी दिलं की माझा शेरा खोटा होता, सोबत कच्च्या टिपणाचा कागद जोडला. साहेब भला माणूस. कागद माझ्याकडे परत सरकवून म्हणाले, 'देसूरकर, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कोणी विचारलंय का तुम्हाला?' मी म्हटलं, हो, विचारलंय. ते म्हणाले, 'कुणी?' मी तुझं नाव सांगितलं. त्यांना वाटलं, तू अर्ज केला आहेस. नाही म्हटलं तर त्यांना काही उलगडा होईना. शेवटी त्यांनी कागद ठेवून घेतला.

धारवाडची जागा गेली. दिपोटीपण गेलं. आता इथल्याच कचेरीत जुनं दप्तर लावायचं काम दिलंय. माझ्या हाताखाली होता तो आनंदराव आता माझ्या टांग्यातून फिरतो. पहिले पंधरा दिवस मला रस्त्यानं मान वर करून चालवत नव्हतं. शेजारच्या वकिलांनी विचारलं, 'काय हो, प्रकृती बरी नाही का?' मी म्हटलं, प्रकृती बरी आहे, मी खोटं लिहिलं होतं म्हणून काढलं. त्यांनी पानाचा डबा उघडून पान लावायला घेतलं. पण मला त्या दिवशी जेवण गेलं. सौ.नी वाढताना दोनदा विचारलं, आणखी हवं का.

तुला बोर्डानं परत घेतलं, हे बरं झालं. जुन्या शाळेत नवा मास्तर आहे, त्याला हलवू नका, असं तूच लिहून दिलंस म्हणे. खानापूरच्या पुढं रानाकडेची शाळा मागून घेतलीस. तिथं जायला कोणी तयार नसतं, मला ठाऊक आहे; मीच तिथं मास्तरांना शिक्षा म्हणून पाठवत असे.

अंजनीचं तू मागाहून कळवलंस ते वाचलं. तू दोनदा निपाणीला जाऊन तिच्या सासूला भेटलास. ती बाई शाळेला पाठवणार नाही, पण रविवारी तासभर पोरीला वाचू-लिहू देईन म्हणाली, तेवढ्यावर तू आलास. मी गेलो असतो तर सासूशी कायदा बोललो असतो आणि तासभरही मिळाला नसता. तासभर म्हणजे शाळा नव्हे. ती शाळा मी घालवली, ती काही आता परत येत नाही. हे मी विसरणार नाही, आणि तूही मला विसरू देऊ नकोस.

विनोदिनीला शाळेला सुट्टी लागली की महिनाभर तुझ्याकडे पाठवतो. तिची आई म्हणाली, 'एवढ्या लांब, रानात?' मी म्हटलं, परसू आहे ना. पोर आतापासून वही शिवून बसली आहे. तिला तिथं माझ्याजवळच्यापेक्षा जास्त आनंद होणार, हे मला माहीत आहे. तरी पाठवतो. लोंढ्याच्या गाडीनं खानापूरपर्यंत मीच घेऊन येईन. स्टेशनावर ये. मी लगेच परतेन, तुझ्या घरी राहायला सांगू नकोस, अजून मला ते जमणार नाही.

आता एक विचारायचं आहे.

जन्मभर मी मुलांना प्रश्न विचारले. पण विचारायच्या आधी उत्तर माझ्या खिशात असायचं. मूल चुकलं की मला बरं वाटे, बरोबर आलं की मी पुढचा प्रश्न काढत असे. उत्तर ठाऊक नसताना कोणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही. परवा दप्तरात जुनी शेरेबुकं लावत होतो, त्यात माझंच अक्षर पानोपानी, आणि एकाएकी हे मनात आलं. तेव्हापासून ते जात नाही. दप्तर लावताना, जेवताना, चालताना, तेच.

तुला कधी माझा हेवा वाटला का?

एकदाही? मी पहिला आलो तेव्हा, बी. ए. झालो तेव्हा, मी दिपोटी होऊन तुझ्या शाळेच्या दारात उतरलो तेव्हा? मी मनाशी हो म्हणून पाहिलं, नाही म्हणूनही पाहिलं. तू हो म्हणालास तर मला समाधान होईल, अशी माझी समजूत होती. ती आता तशी राहिली नाही. हो असो, नाही असो, मला नुसतं कळावंसं वाटतंय.

तुझा,
मार्त्या